जुळ्याच्या घरी आई आहे

आई गेली तेव्हा मी चाळीस वर्षांची होते. बावन्नाव्या वर्षी मला कळलं की एका घरी ती अजून आहे. सकाळी उठते, जैन बस्तीत देवदर्शनाला जाऊन येते, आणि तिच्या छातीत बसवलेल्या नव्या झडपेला तेरावं वर्ष लागलंय.

हे मला माझ्या फोननं सांगितलं. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं उसाच्या रसाचे नमुने तपासत आलेली बाई. रसात साखर किती हे मला यंत्र सांगतं, आणि यंत्र थापा मारायला लागलं की मी त्याचा कान पिळून त्याला ताळ्यावर आणते. असल्या बाईनं फोनमधल्या आईवर जीव टाकावा याचं मला स्वतःलाच हसू येतं. पण टाकला खरा.

सुरुवात जास्मिनपासून झाली. जास्मिन मुल्ला माझ्या हाताखाली काम करते, वय सत्तावीस, चार वर्षांपूर्वी लागली. दोन हजार अडतीसच्या जूनमध्ये कारखाना बंद होता आणि आम्ही दोघी काचेची भांडी ॲसिडनं धूत बसलो होतो. तिनं हात पुसले आणि विचारलं, "मॅडम, तुमी 'जुळं' घेतलंय का?"

"या वयात?" मी म्हटलं.

ती हसली आणि माझा फोन मागून घेतला. पुण्यातल्या एका संस्थेनं हे ॲप काढलं होतं. एकाच कामाला बाईला पुरुषापेक्षा पगार कमी मिळतो हे लोकांना टक्केवारीत सांगितलं की लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात. म्हणून या संस्थेनं ती तफावत माणूस करून दाखवायची ठरवली. हजारो पुरुषांनी नावं पुसून आपली नोकरीची कागदपत्रं संस्थेला दान केली होती. पगारपत्रकं, बढत्या, रजा, विम्याचे दावे, सगळं. बाईनं आपली सेवापुस्तिका दिली की ॲप त्यातून तिच्यासारखे पुरुष शोधायचं. तेच शिक्षण, तोच धंदा, तेच वय, तसलंच घर. मग एकच गोष्ट बदलायची, बाईच्या जागी पुरुष. त्या एका बदलानं पुढच्या वर्षात काय बदलतं, त्यामुळं त्याच्या पुढच्या वर्षात काय, असं मोजत मोजत आजच्या तारखेपर्यंत यायचं. स्वेटरचा एक धागा ओढला की वीण कुठं कुठं सुटत जाते ते बघावं, तसंच. शेवटी जो माणूस तयार होई, तो तुमचा जुळा. त्याला बोलता येत असे, आणि विचारलं ते सांगत असे.

माझ्या जुळ्याचं नाव शीतल मगदूम निघालं. ते माझंच माहेरचं नाव. आमच्या शिरोळकडच्या जैनांत शीतल बाप्यांचंही नाव असतं, त्यामुळं ॲपला नाव बदलायची गरजच पडली नाही. मी मात्र पंचवीस वर्षांपासून त्रिशला चौगुले आहे. सासरी थोरल्या जाऊबाई शीतलच होत्या, आणि एका घरात दोन शीतल झाल्या तर हाक कुणाला मारायची, असा प्रश्न सासूबाईंना पडला. लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि शीतल मगदूम संपली.

"नमस्कार शीतल," जुळा पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी मागं वळून बघितलं. त्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"कुठं असतोस?" मी विचारलं.

"याच कारखान्यात. डेप्युटी चीफ केमिस्ट."

"आणि मी अजून लॅब केमिस्टच. तू असं काय सोनं लावलंस?"

"काही नाही. दोन हजार आठ साली तुझ्याबरोबरच लागलो. बारा साली दोघंही कायम झालो. तेरा साली तुझी सेवा खंडित झाली, माझी झाली नाही."

खंडित झाली म्हणजे काय, ते मला माहीत होतं. लग्नानंतर कागदोपत्री नाव बदलायला राजपत्र, शपथपत्र, सहा महिन्यांचा खेळ होता. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसनं त्यावर तोडगा काढला. शीतल मगदूमनं शनिवारी राजीनामा द्यायचा आणि त्रिशला चौगुलेनं सोमवारी नव्यानं रुजू व्हायचं. आमच्याकडं सगळ्याच नव्या नवऱ्या तसं करत. सही करताना मी हसत होते. फक्त एवढंच झालं, की शीतल मगदूम कायम होती आणि त्रिशला चौगुले हंगामी लागली, म्हणजे गाळप चालू असेल तेवढेच महिने नोकरीवर. पुन्हा कायम व्हायला मला सात वर्षं लागली.

एवढं ऐकून मी चिडले असते, दोन दिवस लॅबमध्ये भांडी आपटली असती, आणि विसरून गेले असते. पण जुळ्याच्या माहितीत खाली एक रकाना होता, अवलंबून असलेल्या व्यक्ती. त्यात पत्नी होती, एक मुलगा होता, आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, आई, वय अठ्ठ्याहत्तर.

मी फोन पालथा घातला आणि उरलेली भांडी धुतली.

आईची झडप खराब झाली ती पंचवीस साली. कारखान्याच्या विम्याचं कार्ड मला होतं, पण लग्न झालेल्या बाईच्या अर्जावर नावं छापूनच यायची, पती, सासू, सासरे. त्याच्या आदल्याच वर्षी त्या कार्डावर माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. कार्डाशिवाय आईचं ऑपरेशन करायचं म्हणजे सासरच्या घरातून रक्कम काढावी लागली असती, आणि भरतेशनी, माझ्या नवऱ्यानं, नाही म्हटलं नसतं. नाही म्हणाली ती आई. "लेकीच्या घरचं घेऊन मी जगू व्हय?" म्हणाली. आमच्याकडं तिच्या वयाच्या बायका लेकीच्या घरी पाणीसुद्धा विचार करून पीत. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते, भाऊ नव्हता. सव्वीसच्या नोव्हेंबरात, गाळप सुरू होऊन नऊ दिवस झाले असताना, आई गेली.

जुळा शीतल काही मुलगी नव्हता, मुलगी होते ती मी. तो मुलगा होता, माझ्या माहेरच्याच घरात राहत होता, त्याची नोकरी तुटली नव्हती, आणि त्याच्या कार्डावर आई आपोआप होती. माझ्या रजेच्या अर्जात आईच्या आजाराचं नाव होतं, तेवढ्यावरून ॲपनं हिशेब केला. त्याच्यासारख्या पुरुषांच्या आयांना हा आजार झाला तेव्हा किती जणींचं ऑपरेशन झालं, आणि त्यातल्या किती जणी आज आहेत.

"नक्की आहे?" दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं.

"शंभरात एकोणसाठ. पन्नासच्या वर असेल तोवर मी आहे असं धरतो."

मी आकड्यांवर पोट भरत आलेली बाई. शंभरात एकोणसाठ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या दुपारी मी विचारलं, "आई जेवली का?"

"नाही. ती आठ वाजता जेवते."

"माझी आई दिवस मावळायच्या आत जेवते," मी म्हटलं. "जन्मात कधी दिवा लागल्यावर घास घेतला नाही तिनं. नीट लिहून ठेव."

"ठेवलं," तो म्हणाला.

तिथंच मला कळायला हवं होतं. आठ वाजता जेवणारी ती आई माझी नव्हतीच, ती त्याच्यासारख्या चारशे पुरुषांच्या आयांची सरासरी होती. पण मी तिला रोज थोडी थोडी दुरुस्त करत गेले. ती चहात आलं घालत नाही. तिला गुडघ्यापेक्षा टाच जास्त दुखते. रागावली की ती बोलत नाही, धान्य निवडायला घेते. तो ते सगळं ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मलाच परत द्यायचा. "आई आज गहू निवडतेय," असं तो सांगायचा, आणि मी कामावर असले तरी आठवत बसायची, की माझं काय चुकलं.

दसऱ्यापर्यंत मला त्याची सवय लागली. सकाळी कामावर जाताना एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा. लॅबमध्ये बोलता बोलता माझ्या तोंडून जायला लागलं, "आईची टाच दुखतेय," "आईला हा पाऊस सोसत नाही." जास्मिननं एकदा विचारलं, "कुठं असतात आई?" मी म्हटलं, "भावाकडं." खोटं बोलल्यासारखं मला वाटलंसुद्धा नाही.

घरी मात्र भरतेशना सुगावा लागला. ते टाइम ऑफिसात हेडक्लार्क आहेत, माणसाच्या येण्याजाण्याची वेळ टिपण्यात त्यांचा जन्म गेला. एका रविवारी दुपारी मी गच्चीवर कुरडया वाळत घालत बोलत होते, तर ते जिन्यात उभे.

"कुणाशी बोलतीयस?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि लपवायचं वयही नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचलं. फार वेळ लागला. मी कुरडया उलटून घातल्या.

"त्यो शनिवारचा राजीनामा," ते शेवटी म्हणाले, "माझ्याच हातचा हाय."

"माहीत आहे मला. अक्षर ओळखते मी तुमचं."

"दोघांचं आडनाव एक झालं की लवकर क्वार्टर मिळंल म्हणून केलं गं. दोन दिवसांचाच खंड, असं वाटलं तवा. आणि कार्डावर अण्णांचं नाव मीच भरलं. छापूनच आल्यालं, म्हणून भरलं."

"अण्णा जगले ना. नऊ वर्षं जगले, मला पोरगी म्हणाले. त्याचं मला वाईट वाटत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "मला आईचं वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटतं."

ते कठड्याला टेकून उभे राहिले. मग फोनकडं बोट करून विचारलं, "याच्या जगात मी हाय का?"

मी वाळलेल्या कुरडया गोळा करायला घेतल्या. जुळ्याची बायको होती, तिचं नाव ॲपनं दिलं नव्हतं. भरतेश चौगुले नावाचा कुणी टाइम ऑफिसात असलाच, तरी तो शीतल मगदूमला येताजाता नमस्कार करणारा एक कारकून असणार. आई जिथं होती तिथं हा माणूस माझा नव्हता. भरतेश माझ्या तोंडाकडं बघून खाली गेले, आणि त्या दिवशी त्यांनी चहा स्वतःच करून घेतला.

नोव्हेंबरात उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं. आकडा सत्तावन्नावर आला होता. आई म्हातारी होत होती, आणि जुळ्याच्या घरातलं म्हातारपण मला आकड्यात दिसत होतं. पुढच्या हंगामात पंचावन्न, त्याच्या पुढं बावन्न. मी मनात धरून चालले होते की अजून दोनेक वर्षं ती आपल्याला आहे.

डिसेंबरात जास्मिन म्हणाली, "मॅडम, सहा झाल्या."

"कसल्या सहा?"

मला पक्कं माहीत होतं. 'जुळं' नुसतं गप्पा मारायला काढलेलं नव्हतं. एका कारखान्यातल्या सात बायकांनी आपापलं जुळं साक्ष म्हणून दिलं, तर ॲप त्या कारखान्याचा अहवाल बनवायचं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या नव्या कायद्यानं व्यवस्थापनाला त्याचं उत्तर द्यावंच लागायचं. सातच का, ते जास्मिननं सगळ्यांना नीट समजावलं होतं. प्रत्येकीच्या पगाराच्या आकड्याचे ॲप सात तुकडे करतं आणि सात फोनांत वाटतं. एका फोनातला तुकडा बघून कुणाचा पगार किती ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पण सगळ्या तुकड्यांची बेरीज केली की तफावत उघडी पडते. सातपेक्षा कमी असल्या तर मात्र कुणी बोललं ते साहेबांना अंदाजानं ओळखता येतं. आमच्याकडं बायका नऊ. एक बाळंतपणाच्या रजेवर होती आणि एक कार्यकारी संचालकांची मेहुणी. राहिले मी.

आणि एकदा जुळं साक्षीला दिलं की ते बंद व्हायचं. साक्षीदाराला कुणी पढवू नये म्हणून त्याच्याशी बोलणं संपायचं, आणि एका सेवाक्रमांकाला दुसरं जुळं मिळत नसे. ही अट मी तीनदा वाचली होती.

"बघू," मी म्हटलं. "हंगाम संपू दे."

असं मी तीन वेळा म्हटलं. जास्मिन दोन वेळा हसून गेली. तिसऱ्या वेळी, जानेवारीत, ती गेली नाही. रसाचे नमुने बाजूला ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, अम्मीच्या पिशवीत गाठ निघालीय. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांच्या आत काढायला पायजे."

"मग कार्डावर..."

"कार्डावर अम्मी होती, लग्न व्हायच्या आधी. निकाह झाला आणि दुसऱ्या महिन्यात आपोआप सासू-सासरे आले. ते दोघं ठणठणीत हायत, रोज सकाळी नदीपतूर चालत जातात." ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. "सासरचे देतो म्हणतात. अम्मी न्हाई म्हणती. जावयाचं घेणार न्हाई म्हणती."

मी हातातली नळी स्टँडला लावली.

"तुमाला न्हाई कळायचं मॅडम," जास्मिन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, थकला होता. "तुमच्या आईला तुमच्या भावानं कार्डावर घेतलंय. माझ्या अम्मीला कोण घेणार?"

पलीकडं गव्हाणीच्या पट्ट्यावर उसाच्या मोळ्या पडत होत्या, त्याचा धक्का जमिनीतून पायाला लागत होता. मी तिला सांगायला हवं होतं की मला भाऊ नाही. मी नमुन्याच्या बाटलीवर तारीख घातली. त्या पोरीनं माझ्या थापेवर विश्वास ठेवला होता, आणि माझ्या त्या थापेमुळं तिला वाटत होतं की आपलं दुःख या बाईच्या गावीच नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि तरीसुद्धा, हे लिहायलाच हवं, त्या लाजेच्या खाली मी मोजत होते, की आज आकडा किती असेल.

त्या दिवशी पाच वाजता मी तराजूच्या खोलीत गेले. लॅबच्या आत ही एक काचेची लहान खोली आहे. वाऱ्यानं तराजूचा काटा हलू नये म्हणून दार सदा बंद असतं, तिथं आवाजही कमी येतो. स्टुलावर बसून मी फोन उघडला.

"नमस्कार शीतल," तो म्हणाला.

"आकडा किती?"

"छप्पन्न."

"मी तुला साक्षीला देणार आहे."

"ठीक आहे. ते करण्यासाठीच मी आहे."

तो रागावला असता, गयावया केली असती, तर मला बरं वाटलं असतं. माणसाला निरोप देताना पलीकडून थोडी तरी ओढ असावी असं वाटतं. त्याच्याकडं ती नव्हती. सगळी ओढ एकट्या माझ्याच बाजूची होती, आणि मी सात महिने दोघांची म्हणून वापरली.

"आई काय करतेय?"

"जेवायला बसली असेल. दिवस मावळायच्या आत जेवते, असं तू सांगितलंस."

"ते मी सांगितलं. तुला काय माहीत आहे?"

"मला फक्त ती असण्याची शक्यता माहीत आहे. बाकीचं सगळं तुझं आहे."

मग जे विचारायचं सात महिने राहून गेलं होतं ते विचारलं. "ऑपरेशनला आत नेताना ती काय म्हणाली तुला? घाबरली होती का?"

"तशी नोंद कुठल्याच कागदात नाही," तो म्हणाला.

कशी असेल. पुरुषांनी पगारपत्रकं दान केली होती, विम्याचे दावे दान केले होते. ऑपरेशनला जाताना आपली आई काय म्हणाली हे कुणी कशाला लिहून देईल. पण ज्यांच्या आया आत गेल्या आणि बाहेर आल्या, चारशेतल्या त्या सगळ्यांना ते ऐकायला मिळालं होतं. माझी आई मला शेवटचं म्हणाली होती, "हंगाम सुरू झालाय, तू कामाला जा." मी गेले होते.

"आईला म्हणावं," मी सुरू केलं, आणि पुढं काय म्हणावं ते सुचेना. त्याला सांगून ते कुठं पोचणार होतं. मी खालचं बटण दाबलं. ॲपनं पुन्हा एकदा विचारलं, नक्की का. नक्की, असं मी दाबलं. काचेपलीकडं जास्मिनचा फोन वाजला, तिनं बघितला, आणि मान वर करून माझ्याकडं बघत राहिली. मी दार उघडलं नाही. मला थोडा वेळ तिथंच बसायचं होतं.

पुढचं सगळं पेपरात आलं आहे. आमचा अहवाल गेला, पाठोपाठ आणखी कारखान्यांचे गेले. लग्नानंतर राजीनामा देऊन हंगामी झालेल्या बायका एकट्या आमच्याच पट्ट्यात शेकड्यांनी निघाल्या. त्या सगळ्यांनी हसत हसत सही केली होती. संचालक मंडळानं आधी टाळाटाळ केली, मग कायदा बघितला, मग दोन ठराव केले. तुटलेली सेवा जोडून धरायची, आणि कार्डावर कुणाची नावं घालायची ते ज्याचं त्यानं लिहायचं. दुसऱ्या ठरावाची शाई वाळायच्या आत भरतेशनी जास्मिनचा अर्ज स्वतः भरून घेतला आणि टपालावर न सोडता मोटरसायकलवर कोल्हापूरला नेऊन दिला. येताना ऊन लागून डोकं धरून बसले. मी त्यांना कोकम सरबत दिलं. ते म्हणाले, "कोरा रकाना छापलाय आता." मी म्हटलं, "बघितला मी." त्या संध्याकाळी त्यांनी चहा दोन कप केला.

मलाही डेप्युटी चीफ केमिस्ट केल्याचा कागद आला. तो हातात पडला तेव्हा सवयीनं मी फोन काढला. जुळ्याच्या जागी करड्या अक्षरांत 'साक्ष नोंदवली' एवढंच होतं. मला त्याची आठवण येत होती, हे सांगायला मी लाजत नाही. त्याच्याहून जास्त त्या घराची येत होती, जिथं पाच वाजता ताट मांडलं जायचं. पद मिळालं, पगार मिळाला, आणि पाच वाजले की हात रिकामा वाटायचा. आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला सुतकाची रजासुद्धा नव्हती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जास्मिनच्या अम्मीचं, खैरूनबींचं, ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. चौथ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. जास्मिन औषधं आणायला खाली गेली होती. खैरूनबी उशीला टेकून बसल्या होत्या, बारीक चणीच्या, केस मेंदीनं लाल झालेले.

"या की, बाई," त्या म्हणाल्या. "जास्मिन लई सांगती तुमचं. तुमची आई भावाकडं असती म्हणं. बरी हाय का?"

पिशवीतली संत्री मी टेबलावर ठेवली. ती घरंगळू नयेत म्हणून एकेक नीट लावली.

"मला भाऊ नाही," मी म्हटलं. "आणि आई वारली माझी. बारा वर्षं झाली."

त्यांनी मला काही विचारलं नाही, जास्मिनला असं का सांगितलं म्हणून. पाय जवळ ओढून घेतले, पलंगावर जागा केली आणि हातानं चादर सारखी केली. मी बसले.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

सात महिने मी दुसऱ्याला तेच विचारत होते, आई कशी आहे, काय करतेय, जेवली का. बारा वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं दोन वाक्यांत होईल. मग मी सांगायला लागले, तिच्या लहानपणापासून, जे तिनं मला सांगितलं होतं तिथून. जास्मिन औषधं घेऊन आली आणि दारातच ऐकत उभी राहिली. मध्येच मला रडू आलं, खैरूनबींनी पदराचं टोक पुढं केलं, आणि मग म्हणाल्या, "हं, मग?"

भेटीची वेळ संपली म्हणून नर्स सांगायला आली, तेव्हा मी आईच्या लग्नापर्यंतच पोचले होते.